विश्वास बसला, पण कधी?

१७३८ सालच्या सुरुवातीला जॉन वेस्ली अमेरिकेहून इंग्लंडला परतले ते पार खचून. चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित पाळक, वय ३४; मेथॉडिस्ट पंथ त्यांच्या हातून पुढे उभा राहायचा होता. जॉर्जियाच्या वसाहतीत जवळजवळ दोन वर्षं काढली होती आणि हाती फारसं काही लागलं नव्हतं. रोजनिशीत त्यांनी लिहिलं, की इतरांचं परिवर्तन करायला मी अमेरिकेला गेलो, पण माझं स्वतःचंच परिवर्तन कधी झालं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःला 'क्रोधाची प्रजा' म्हटलं, म्हणजे देवाच्या कोपाला पात्र. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाने स्वतःबद्दल याहून कडक शब्द वापरणं अवघडच.

साधारण पस्तीस वर्षांनी, सत्तरीत पोचल्यावर, याच रोजनिशीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा वेस्लींनी काही वाक्यांना तळटिपा जोडल्या. परिवर्तन झालं नव्हतं या वाक्याखाली: याची मला खात्री नाही. 'क्रोधाची प्रजा'खाली: मला तसं वाटत नाही. आणि आणखी एका ठिकाणी: माझ्यात तेव्हाही विश्वास होता, पुत्राचा नव्हे, पण सेवकाचा होता.

या तळटिपा वाचल्या की प्रश्न पडतो, खरं कोण बोलतंय? ज्याच्यावर सगळं बेतलं होतं तो चौतिशीतला माणूस, की लांबून मागे पाहणारा म्हातारा? आपल्यात विश्वास आहे की नाही हे ज्याचं त्याला त्या क्षणी कळायला नको का? डोकं दुखतंय की नाही हे कळतं तसं?

ख्रिस्ती परंपरेतल्या बऱ्याच जणांनी याचं उत्तर 'नाही, नेहमी कळत नाही' असं दिलं आहे. ते असं का म्हणतात, आणि मागे वळून विश्वास ओळखायचा म्हणजे काय करायचं, ते जरा उलगडून पाहू.

आधी शब्द. मराठीत विश्वास 'ठेवता' येतो, 'टाकता' येतो आणि तो 'बसतो'ही. ठेवणं-टाकणं आपल्या हातात आहे. बसणं मात्र आपल्याला घडतं. 'माझा त्याच्यावर विश्वास बसतो आहे' असं चालू वर्तमानकाळात क्वचितच कुणी बोलतं. आपण म्हणतो 'बसला', आणि तेव्हा ती गोष्ट होऊन गेलेली असते. कधी बसला म्हणून विचारलं तर नेमका दिवस सांगता येत नाही. 'उडाला' हेही तसंच, उडून गेल्यावर लक्षात येतं. धर्मशास्त्राने जे सांगायला जाडजाड ग्रंथ लिहिले त्यातलं बरंचसं या दोन क्रियापदांत आधीच आहे, असं मला गमतीने वाटतं.

प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले: जाणणं, मान्य करणं आणि भरवसा टाकणं. पहिले दोन तपासायला सोपे. ख्रिस्ताबद्दल काय शिकवलं जातं ते मला माहीत आहे का? आहे. ते मला पटतं का? हो किंवा नाही, काहीतरी सांगता येईल. अडचण तिसऱ्या पदराची. भरवसा म्हणजे भार टाकणं, आणि आपला भार कशावर आहे हे भार पडलेला असताना आपण बघत नसतो. पाण्यावर उताणं तरंगणारा माणूस पाहा. पाणी आपल्याला धरून ठेवतंय का हे तपासायला तो मान उचलतो, अंग ताठ करतो, आणि त्याच क्षणी खाली जायला लागतो. विश्वासाचंही असंच होतं. 'माझा विश्वास किती आहे' हे मोजायला बसलो की नजर देवावरून निघून स्वतःवर येते, आणि स्वतःत तर चलबिचलच दिसणार. मग त्या चलबिचलीलाच आपण अविश्वास म्हणतो.

हिब्रू बायबलमधला विश्वासासाठीचा जुना शब्द आहे 'एमुना'. त्याच्या मुळाशी स्थिरपणा आहे, न ढळणं आहे. हा शब्द बायबलमध्ये पहिल्यांदा येतो तो कुणाच्या मनाबद्दल नाही, हातांबद्दल. निर्गमच्या १७ व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू आहे आणि मोशे टेकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकांची. थोड्या वेळाने हात भरून येतात. मग त्याच्याखाली एक दगड आणून ठेवतात, तो त्यावर बसतो, आणि अहरोन एका बाजूने व हूर दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहिले, म्हणजे स्थिर राहिले, असं तिथे लिहिलं आहे.

आता मोशेला त्या दुपारी विचारलं असतं, 'हात स्थिर आहेत का?', तर तो काय म्हणाला असता? दुखतायत, थरथरतायत, माझे मला धरवत नाहीत, असंच काहीतरी. तो खोटं बोलला नसता. पण संध्याकाळी त्या दिवसाचा हिशेब मांडणाऱ्याने 'स्थिर' लिहिलं, आणि तेही खोटं नाही. दोघं वेगळ्या गोष्टी सांगतायत. एक काय जाणवलं ते सांगतो, दुसरा काय घडलं ते. ते हात तिघांनी मिळून वर ठेवले होते, हा भाग तर वेगळाच.

मागे वळून विश्वास ओळखण्याचा बायबलमधला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय. 'विश्वासाने अब्राहामाने', 'विश्वासाने सारेने', 'विश्वासाने मोशेने' अशी ओळच्या ओळ. मंडळीत हा अध्याय थोरामोठ्यांच्या तसबिरींची रांग असल्यासारखा वाचला जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपण यात कुठे बसणार! पण यातलं एकेक नाव घेऊन मूळ गोष्ट उघडा, म्हणजे गंमत कळेल.

सारा. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात पाहुणे बाहेर बसले आहेत आणि नव्वदीला टेकलेली सारा, अब्राहामाची बायको, तंबूच्या दाराआडून ऐकते आहे. पुढच्या वर्षी तुला मुलगा होईल हे कानावर पडतं आणि ती मनातल्या मनात हसते. का हसली, असं विचारल्यावर घाबरून म्हणते, 'मी हसले नाही.' उत्तर येतं, 'नाही, तू हसलीसच.' तिचा प्रसंग इथेच संपतो. तिने गुडघे टेकले नाहीत, विश्वास असल्याची कबुली दिली नाही. हसली, आणि वर खोटं बोलली. (अब्राहामही हसला होता, एक अध्याय आधी. मुलाचं नाव इसहाक ठेवलं, त्याचा अर्थच 'तो हसतो'.) आणि इब्री लोकांस पत्राचा लेखक लिहितो की विश्वासाने सारेला गर्भधारणेचं सामर्थ्य मिळालं, कारण वचन देणारा भरवशाचा आहे असं तिने मानलं. त्या वाक्याचं ग्रीक व्याकरण अवघड आहे, काही भाषांतरं तिथे कर्ता म्हणून अब्राहामाला घेतात. पण साराही त्या वाक्यात आहेच, आणि हसण्याचा उल्लेख कुठेच नाही.

तांबडा समुद्र. 'विश्वासाने ते कोरड्या भूमीवरून जावे तसे पार गेले.' निर्गमच्या १४ व्या अध्यायात, मिसर म्हणजे इजिप्तमधून पळून निघालेल्या याच लोकांनी थोडा वेळ आधी मोशेला काय ऐकवलं होतं? मिसरात कबरी नव्हत्या म्हणून आम्हांला इथे मरायला आणलंस का? खोचक आणि खास भेदरलेल्या माणसाचं बोलणं. मोशेचंही तेच. पत्र म्हणतं, राजाच्या रागाला न भिता त्याने मिसर सोडला. ते जर त्याच्या पहिल्या पलायनाबद्दल असेल, तर निर्गमचा दुसरा अध्याय स्पष्ट सांगतो की मोशे भ्याला.

मग या लेखकाला जुनी गोष्ट आठवत नव्हती का? माझं मत असं, की त्याला ती पाठ होती. तो लोकांच्या तोंडाकडे बघत नाहीये, पायांकडे बघतो आहे. कबरींचा टोमणा मारणारे लोक त्या रात्री पाण्याच्या दोन भिंतींमधून चालत गेले. कुरकुर खरी होती, चालणंही खरं होतं. आपण जेव्हा स्वतःचा न्याय करतो तेव्हा कुरकुर तेवढी लक्षात ठेवतो, कारण ती आत, अगदी कानाशी वाजत असते. चालणं बाहेरून दिसतं, आणि बऱ्याचदा उशिरा.

मार्ककृत शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप हेच एका दमात बोलून गेला: 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' त्याच्या त्या वाक्यावर प्रवचनं पुष्कळ होतात. तो मुलाला घेऊन तिथवर आला होता, शिष्यांना जमलं नाही तरी परत फिरला नव्हता, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

येशूच्या शिष्यांनाही बरंचसं नंतरच कळलं. योहान तर आपल्या शुभवर्तमानात ते लपवतही नाही. मंदिर तीन दिवसांत उभारीन हे येशूचं बोलणं त्यांना त्याच्या पुनरुत्थानानंतर आठवलं, असं तो दुसऱ्या अध्यायात सांगतो. बाराव्यात पुन्हा, की शिष्यांना हे आधी समजलं नव्हतं. तेराव्यात पाय धुताना येशूच पेत्राला म्हणतो, मी काय करतो ते तुला आता कळत नाही, पुढे कळेल. आणि लूकच्या शेवटी अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे, यरुशलेमपासून सुमारे ११ किलोमीटरची वाट. सोबत चालणारा हा मेलेल्यांतून उठलेला येशूच आहे, हे त्यांना ओळखू येत नाही. 'आम्हांला आशा होती' असं ते भूतकाळात बोलतात. भाकरी मोडली जाते, डोळे उघडतात, आणि तेवढ्यात तो दिसेनासा होतो. मग एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं का?

या प्रश्नात एक बारीक गोष्ट आहे. अंतःकरण उकळत होतं ते वाटेवर, आशा संपल्याचं सांगत असतानाच. जाणवलं घरात, जेवणाच्या वेळी. त्यांना नवीन काही मिळालं असं ते म्हणत नाहीत. आधीपासून असलेली गोष्ट आत्ता ओळखू आली, एवढंच.

जेसुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी याच ओळखण्याची एक रीत बसवली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना शूरवीरांच्या प्रेमकथा वाचायच्या होत्या, पण घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग कधी ते एका उच्चकुलीन स्त्रीसाठी आपण काय पराक्रम करू याची स्वप्नं रंगवत, तर कधी संतांसारखं अनवाणी यरुशलेमला जायची. दोन्ही स्वप्नं चालू असताना सारखीच गोड लागत. फरक पडायचा तो नंतर: पहिल्यानंतर मन कोरडं, नाराज होई, दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न राही. हे ध्यानात यायला त्यांना कित्येक दिवस लागले. जेसुइट संघात दिवसातून दोनदा थोडा वेळ थांबून मागचे तास डोळ्यांपुढून घालवायची जी प्रथा आहे, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे. घटना चालू असताना तिची चव फसवी असू शकते, मागे जिभेवर जे रेंगाळतं ते पाहा, असं तिचं सांगणं.

एक गोष्ट माझीही सांगतो. वडील गेल्यानंतरचं वर्षभर माझी प्रार्थना बंद पडली होती. चर्चला जायचो, बसायचो, उठायचो. कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं की माझ्यात आता काही उरलेलं नाही. त्या काळात मी एक वही ठेवली होती, साधी, रेघांची. रोज झोपताना एक ओळ. काही वर्षांनी ती सापडली तेव्हा चाळली. पानंच्या पानं जवळपास एकच वाक्य होतं: 'प्रभू, आजही प्रार्थना झाली नाही.' कुठे 'प्रभू, आजही नाही.' एका पानावर नुसतं 'प्रभू, नाही.'

तीन-चार पानं उलटल्यावर मी थांबलो. दर ओळ कुणाला तरी हाक मारून सुरू होत होती. ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशी माझी तक्रार होती, ती तक्रार मी त्यालाच रोज रात्री सांगत होतो.

यावरून त्या वर्षी माझ्यात विश्वास होता असं म्हणू का? सांभाळून म्हणेन. ती नुसती सवय असू शकते. लहानपणापासून वहीवर 'प्रभू' लिहायची सवय असलेल्या हाताने ते आपोआप लिहिलं असेल. मला इतकंच ठाम सांगता येतं, की 'माझ्यात काही उरलेलं नाही' हे माझं तेव्हाचं म्हणणं त्या वहीला लागू पडत नाही.

इथे मागे पाहण्याचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत, कारण लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक प्रकार घटनांकडे पाहण्याचा: 'हे असं झालं ते देवाने अमुक कारणासाठी केलं.' दुसरा स्वतःकडे पाहण्याचा: 'त्या दिवसांत माझा भार कुठे होता?' पहिल्यात आपण देवाच्या मनातलं सांगतो. दुसऱ्यात फक्त आपल्या पावलांचे ठसे बघतो. मला दुसरा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो, आणि पहिल्याची थोडी धास्तीच वाटते.

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात देखणं उदाहरण प्राचीन चर्चमधले थोर धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टिन यांच्या आत्मकथनात आहे. ३८३ साली त्यांना कार्थेजहून रोमला जायचं होतं. आई मोनिका बंदरापर्यंत मागे आली, एकतर घरी चल नाहीतर मला घेऊन जा म्हणाली. मुलाने थाप मारली, मित्राला निरोप द्यायला आलोय, वारा सुटेपर्यंत थांबतो. ती रात्र मोनिकाने जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रडत, प्रार्थना करत काढली. मुलाला जाऊ देऊ नकोस, हीच प्रार्थना. वारा सुटला आणि जहाज निघून गेलं. रोमहून ऑगस्टिन मिलानला गेले, तिथे त्यांना बिशप अ‍ॅम्ब्रोज भेटले, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून बाप्तिस्मा झाला. दहा-बारा वर्षांनी हे लिहिताना ऑगस्टिन देवाला म्हणतात, की ती जे तेव्हा मागत होती ते तू दिलं नाहीस, ती जे नेहमी मागत होती ते देण्यासाठी.

वाक्य सुंदर आहे. पण जहाज बुडालं असतं तर? बुडालेल्या जहाजांतली माणसं आत्मकथनं लिहीत नाहीत. असल्या गोष्टी आपल्यापर्यंत येतात त्या पार पडलेल्यांच्याच तोंडून. शिवाय माणसाची आठवण शेवट कळल्यावर बदलते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अमुक-तमुक घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना आपले आधीचे आकडे आठवायला सांगितले. जे घडलं ते घडेल असं आपण आधीच बऱ्यापैकी म्हटलं होतं, अशी पुष्कळांची आठवण झाली होती. 'मला तेव्हाच वाटलं होतं' हे मन नंतर तयार करतं. चर्चमधल्या साक्षींनाही हे लागू आहे, आपण श्रद्धाळू असलो म्हणून आपली स्मृती वेगळ्या मातीची नसते. म्हणून त्या वेळी लिहिलेलं काही हाती असेल, रोजनिशी, पत्रं, किंवा तेव्हा आपल्याला जवळून पाहिलेला माणूस, तर आठवणीपेक्षा त्याला जास्त मान द्यावा.

मोनिकाकडे दुसऱ्या प्रकाराने पाहिलं तर जहाज बुडालं की तरलं यावर काही अडत नाही. सकाळी रिकामा किनारा बघून ती आकांत करते, आणि मग पुन्हा त्याच मुलासाठी प्रार्थनेला लागते. मिलान, अ‍ॅम्ब्रोज, ईस्टर यांतलं तिला त्या सकाळी काहीही ठाऊक नव्हतं.

आणि पहिला प्रकार दुसऱ्याच्या आयुष्यावर वापरायचाच नाही. भावांनीच खड्ड्यात टाकून विकलेला योसेफ पुढे त्यांना म्हणाला, तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं. हे तो म्हणू शकला, कारण खड्ड्यात तो पडला होता. विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता, भावांपुढे आपली ओळख उघड केली तेव्हा जवळपास एकोणचाळीसचा. मधल्या बावीस वर्षांत त्याच भावांपैकी एकाने येऊन 'बघ, देवाची योजना होती' असं म्हटलं असतं तर? शब्द तेच, पण ते ऐकवणार नाहीत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले, तेवढं त्यांनी उत्तम केलं. नंतर तोंड उघडून त्याच्या दुःखाचा अर्थ लावायला लागले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. ईयोबाला तर मागे वळून अर्थ लावण्याची संधी मिळालीच नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय बोलणं झालं ते वाचकाला माहीत आहे, ईयोबाला पुस्तक संपेपर्यंत कुणी सांगत नाही.

मागे पाहिल्यावर दरवेळी विश्वास सापडतोच असंही नाही. जॉन न्यूटन हे गुलामांच्या व्यापारातले खलाशी. मार्च १७४८ मध्ये भर समुद्रात वादळात सापडले, देवाचा धावा केला आणि वाचले. तो दिवस ते पुढे दरवर्षी पाळत. पण त्यानंतरही १७५४ पर्यंत ते गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर होते, कप्तान म्हणूनसुद्धा. पुढे १७६४ साली छापलेल्या आत्मवृत्तात त्यांनी कबूल केलं, की त्या वादळानंतर बराच काळ मी पूर्ण अर्थाने विश्वासी होतो असं मला म्हणता येत नाही. आणि १७८८ मध्ये त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपल्या त्यातल्या सहभागाची जाहीर कबुली दिली. वेस्लींनी मागे पाहून स्वतःच्या खात्यात थोडं जमा केलं, न्यूटननी वजा केलं. मला न्यूटन यांचं हे वजा करणं फार मोलाचं वाटतं. मागे पाहून आपण नेहमीच आपल्याला वाटलं त्याहून चांगले निघत असू, तर कुठेतरी हिशेबात लबाडी आहे.

येशूच्या तोंडी या दोन्ही बाजू आहेत, मत्तयात. २५ व्या अध्यायात नीतिमान लोक गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? त्यांना आठवतच नाही. सातव्या अध्यायातल्या लोकांना मात्र सगळं आठवतं: तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली. आणि त्यांना उत्तर मिळतं, मला तुमची कधी ओळख नव्हती.

वेगवेगळ्या मंडळ्यांत याला वेगवेगळं वजन आहे. काही ठिकाणी साक्ष देताना तारणाची तारीख विचारतात, तर बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांना अशी तारीख असतेच असं नाही. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर एकाएकी येशूचं दर्शन झालं, तो क्षण त्याला दाखवता येत होता. पण तोच पौल तीमथ्याला लिहिताना त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत मागे नेतो, तारीख वगैरे काही विचारत नाही.

वेस्लींची तारीख मात्र प्रसिद्ध आहे. २४ मे १७३८, रात्रीचे पावणेनऊ, लंडनच्या अ‍ॅल्डर्सगेट रस्त्यावरची एक छोटी सभा. कुणीतरी रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक लूथर यांची प्रस्तावना वाचत होतं आणि वेस्लींना आपलं हृदय अनोख्या उबेने भरून आल्याचं जाणवलं. मेथॉडिस्ट मंडळ्या हा दिवस आजही पाळतात. मला त्या नोंदीच्या सुरुवातीचा एक शब्दप्रयोग जास्त आवडतो: त्या संध्याकाळी ते तिथे अगदी नाखुशीने गेले होते. मन नको म्हणत होतं, तरी पाय निघाले होते.

पन्नास वर्षांनी, १७८८ मध्ये, विश्वासावरच्या एका प्रवचनात त्यांनी आपल्या आणि आपल्या सोबत्यांच्या जुन्या उपदेशाची झाडाझडती घेतली. पूर्वी आम्ही लोकांना विचारायचो, तुमच्या पापांची क्षमा झाली हे तुम्हांला ठाऊक आहे का? नाही म्हटलं की सांगायचो, मग तुम्ही सैतानाची लेकरं. म्हातारे वेस्ली म्हणतात, तसं म्हणायला नको होतं. म्हणायला हवं होतं, की तुम्ही आजवर देवाचे सेवक आहात, अजून लेकरं झाला नाहीत, पण त्याने तुम्हांला चाकरीत घेतलं याबद्दल त्याची स्तुती करा. तळटिपांमधला तो 'सेवकाचा विश्वास' इथे दुसऱ्यांना वाटला जातो. स्वतःच्या तरुणपणाशी सलोखा केल्याशिवाय त्यांना हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर सरळ रेष झाली असती: तरुणपणी विश्वास दिसला नाही, म्हातारपणी दिसला. पण मध्ये एक पत्र आहे. जून १७६६. वेस्ली त्रेसष्टीला टेकलेले, हजारो लोक त्यांच्या शब्दावर चालतायत. धाकट्या भावाला, चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, की मी देवावर प्रीती करत नाही, कधी केलीच नाही, म्हणजे ख्रिस्ती अर्थाने मी कधी विश्वास ठेवलाच नाही. यातली सगळ्यात झोंबणारी वाक्यं त्यांनी लघुलिपीत लिहिली. मागे पाहणारा माणूस हाच, आयुष्य तेच, २४ मे त्यात आलेला, आणि तरी निकाल 'कधीच नाही'. कोणत्या दिवशी मागे पाहता यावरही ते अवलंबून असतं तर.

त्याच पत्रात ते पुढे लिहितात, की कामाची ओढ माझी कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. मी वाहून नेला जातोय, कसा ते मला कळत नाही, पण एका जागी थांबता येत नाही.